शंभर नावांची वही

प्लॅन ऐकायला गेलेल्या माणसाला पहिलं काम साबण विकायचं देत नाहीत. शंभर नावं लिहायला सांगतात. सख्खे, चुलत, मावस, शाळेतले, सोसायटीतले, जुन्या ऑफिसातले, कुणाच्या तरी लग्नात एकदाच भेटलेले. कोण येईल आणि कोण नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, फक्त लिहीत जायचं. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि गेल्या दहा वर्षांत अशा किमान चार-पाच याद्यांमध्ये माझं नाव होतं, एवढं खात्रीने सांगू शकतो. शाळेनंतर कधी न बोललेल्या मित्राचा ‘रविवारी कॉफी घेऊ, तुझ्याशी एका विषयावर बोलायचंय’ असा मेसेज आला की समजायचं, आपला नंबर लागला.

आपण या धंद्यांबद्दल बोलतो तेव्हा पैशांबद्दल बोलतो. किती कोटी बुडाले, कोण पळालं, कुणाची खाती गोठवली. मला मात्र त्या यादीचं कुतूहल होतं. नातेवाइकांची यादी हा कच्चा माल आहे, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल?

साबण-पावडर ओळखीत विकणं जुनंच आहे. एव्हॉनची सुरुवात १८८६ची, तेव्हा तिचं नाव कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी होतं. बायका शेजारीपाजारी जाऊन अत्तरं विकायच्या आणि विक्रीवर कमिशन घ्यायच्या. आपल्याकडे १९८२नंतर युरेका फोर्ब्सचा टाय लावलेला मुलगा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दारात यायचा, तोही याच जातीतला. तो तुम्हाला मशीन विकायचा. तुम्हीही टाय लावावा असा त्याचा आग्रह नसायचा.

फरक पडला तो १९४५ साली, कॅलिफोर्नियात. कार्ल रेनबोर्ग नावाचा माणूस ‘न्यूट्रिलाइट’ या नावाने जीवनसत्त्वांच्या गोळ्या बनवायचा. त्या विकायचं काम ली मिटिंगर आणि विल्यम कॅसलबेरी या दोघांकडे आलं. मिटिंगर आधी दफनभूमीतल्या जागा विकायचा, कॅसलबेरी मानसशास्त्रज्ञ होता. कादंबरीत अशी जोडी घातली तर संपादक म्हणेल, जरा जास्त होतंय. या दोघांनी योजना आखली ती अशी: विक्रेत्याला स्वतःच्या विक्रीवर कमिशन मिळेलच, शिवाय त्याने नेमलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीतलाही हिस्सा मिळेल.

कागदावर हे रास्त वाटतं. नव्या माणसाला शिकवतोस, त्याचा मोबदला घे. पण हिशोबाची दिशाच इथे बदलली. गिऱ्हाईक एक डबा घेऊन जातो, विक्रेता मात्र महिन्यामागून महिने डबे घेत राहतो. मग गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा विक्रेता ‘बनवणं’ किफायतशीर झालं. आणि विक्रेता बनायला अनोळखी माणूस तयार होत नाही. तयार होतो तो मेहुणा.

गोळ्यांनी कायकाय बरं होतं याच्या दाव्यांवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने न्यूट्रिलाइटला कोर्टात खेचलं आणि १९५१ साली त्या दाव्यांवर बंधनं आली. छापील पत्रकातलं वाक्य कोर्ट खोडू शकतं. ‘आमच्या वहिनींची शुगर याने आली ना आटोक्यात’ हे चहा पिता पिता सांगितलेलं वाक्य कोण खोडणार? कमिशनची साखळी आणि ओळखीच्या माणसाची साक्ष, हा मसाला तेव्हाच तयार झाला होता.

१९४९मध्ये जे व्हॅन अँडेल आणि रिच डीव्हॉस हे मिशिगनचे दोन मित्र न्यूट्रिलाइटचे वितरक झाले. दहा वर्षांनी, १९५९मध्ये, त्यांनी स्वतःची कंपनी काढली, ती अॅमवे. साठच्या दशकात या पद्धतीच्या नकला फोफावल्या. ग्लेन टर्नरची कॉस्कॉट ही त्यातली कुप्रसिद्ध. नावाला सौंदर्यप्रसाधनं, पण खरा पैसा नवी माणसं आणण्यात. १९७५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कॉस्कॉटच्या निकालात पिरॅमिडची व्याख्या केली. सभासद पैसे भरतो आणि त्या बदल्यात त्याला माल विकण्याचा हक्क मिळतो, शिवाय माणसं आणल्याबद्दल बक्षीस मिळण्याचाही हक्क मिळतो. ते बक्षीस खऱ्या ग्राहकाला झालेल्या विक्रीशी जोडलेलं नसेल तर तो पिरॅमिड.

आता दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो. या शोधात मला सर्वांत जास्त थबकवलं ते त्यांनी.

डिसेंबर १९७८: भारतात प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला. मे १९७९: अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने अॅमवेच्या खटल्यात निकाल दिला की ही कंपनी पिरॅमिड नाही. जेमतेम पाच महिन्यांचं अंतर.

अमेरिकेच्या निकालात अॅमवेचे काही नियम निर्णायक ठरले. न खपलेला माल परत घ्यायचा. बोनस हवा असेल तर खरेदी केलेला किमान ७० टक्के माल विकलेला असला पाहिजे. महिन्याला किमान दहा वेगळ्या ग्राहकांना विक्री झाली पाहिजे. कमिशनने कंपनीला किमती ठरवून देण्याबद्दल आणि कमाईची फुगवलेली चित्रं रंगवण्याबद्दल दोषीही धरलं, पण पिरॅमिडचा शिक्का लागला नाही. त्यानंतर जगातल्या प्रत्येक नेटवर्क कंपनीला आपण ‘त्यांच्यासारखे’ आहोत असं म्हणायची सोय झाली.

भारतातल्या कायद्याचं मूळ मात्र वेगळ्याच मातीतलं होतं. आपल्याकडे भिशी होती. वीस जणींनी दरमहा पाचशे काढायचे, एकीने दहा हजार न्यायचे, वीस महिन्यांत सगळ्यांची पाळी. भिशीत नवं माणूस लागत नाही, उलट नको असतं. वर्तुळ बंद असतं म्हणूनच हिशोब जुळतो. सत्तरच्या दशकात काही कंपन्यांनी या ओळखीच्या गोष्टीला बक्षिसाची शेपटी लावून ‘प्राइझ चिट’ काढल्या. ज्याचं नाव निघेल त्याला रक्कम आणि पुढच्या हप्त्यांतून सुटका, बाकीचे भरत राहणार, आणि जमलेला पैसा बिनव्याजी वापरणार चालक. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज यांच्या अभ्यासगटाने १९७५मध्ये यावर बंदीची शिफारस केली. कायदा आला तेव्हा त्यात आणखी एक गोष्ट घातली गेली: मनी सर्क्युलेशन. म्हणजे अशी योजना, जिच्यात झटपट पैसा मिळण्याचं आश्वासन नवे सभासद येण्यावर अवलंबून असतं. नाव काहीही द्या.

या व्याख्येची पहिली मोठी परीक्षा १९८२मध्ये झाली. कलकत्त्याची संचयिता नावाची फर्म ठेवीदारांना अवाच्या सवा व्याज देत होती, त्यातलं बरंचसं गुपचूप. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इथे नवा सभासद येण्यावर काही अवलंबून नाही, त्यामुळे हा कायदा लागू होत नाही. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णु चंद्रचूड, जन्माने पुण्याचे. त्यांच्या निकालपत्रात चक्क व्याख्येतल्या स्वल्पविरामांची चर्चा आहे. विरामचिन्हं जरा विचारपूर्वक टाकली असती तर अर्थाचा वाद राहिला नसता, अशा आशयाचं ते लिहितात. दिवसभर एका चुकीच्या स्वल्पविरामामुळे अडलेला कोड दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून फार आपुलकी वाटली.

तर १९७८पासून आपल्याकडे कायदा होता आणि त्याचा गाभाही स्पष्ट होता: माणसं जोडण्यावर कमाई अवलंबून असेल तर बंदी. मग नव्वदच्या दशकात दारं उघडली. ओरिफ्लेम १९९५ला आली, मोदीकेअर १९९६ला सुरू झाली, अॅमवेने १९९८मध्ये व्यवसाय चालू केला. आणि त्यांच्या पाठोपाठ देशी-विदेशी असंख्य. कुणाची चुंबकाची गादी, कुणाचं सोन्याचं नाणं, कुणाचा पाण्यात ‘ऊर्जा’ भरणारा काचेचा तुकडा.

काळही असा होता की यादी लिहायला माणसं तयार बसली होती. २०००-०१मध्ये सरकारी बँकांमधून एक लाखाहून जास्त कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पन्नाशीची, हाताशी रक्कम असलेली, अख्ख्या गावाला नावानिशी ओळखणारी, ‘साहेब’ म्हणून मान असलेली माणसं. नेटवर्कवाल्यांना याहून चांगला माणूस कुठे मिळणार? हा माझा अंदाज आहे, पण माझ्या लहानपणी सांगलीत ज्यांच्या दिवाणखान्यात पांढरे बोर्ड लागले ते बहुतेक असेच काका होते.

आणि आपल्याकडे भीड होती. या शब्दाला दुसऱ्या भाषेत नेमकं काय म्हणतात, मला ठाऊक नाही. भीती नव्हे, आदरही पूर्ण नव्हे. समोरचा ओळखीचा आहे, त्याच्या घरचं खाल्लंय, त्याच्या मुलीच्या बारशाला गेलोय, म्हणून ‘नाही’ हा शब्द तोंडातून न निघणं. सांगलीत निम्मे व्यवहार भिडेखातर होतात. १९४५ सालच्या त्या दोन अमेरिकनांना हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांची योजना चालते ती याच इंधनावर.

आता मावशी.

माझी मावशी सांगलीत शिवणक्लास घ्यायची. तीसेक मुली-बायका, दोन बॅचेस, घरातलीच पुढची खोली. २०१२च्या सुमारास तिच्या मिरजेच्या नणंदेने तिला एका कंपनीत घेतलं. सहा हजारांचं किट, प्रोटीनचे डबे, दर महिन्याला ठराविक खरेदी केली तर तुम्ही ‘अॅक्टिव्ह’. अॅक्टिव्ह नसाल तर खालच्यांचं कमिशन नाही. मावशीने क्लासमधल्या आणि नात्यातल्या मिळून चौदा जणींना जोडलं. अडीच वर्षं चाललं. घोटाळा वगैरे काही झाला नाही. कुणी पळालं नाही, पोलीस आले नाहीत, पेपरात काही छापून आलं नाही. मावशीचे स्वतःचे चाळीसएक हजार गेले असतील. बाकीच्यांचे चार-पाच हजार प्रत्येकी. या रकमेसाठी कुणी कोर्टात जात नाही.

गेलं ते दुसरंच. क्लास तिसावरून सहावर आला. शिवण शिकायला आलेलीला तासाच्या शेवटी डबा घ्यावा लागेल याची धास्ती. आई सांगते, मावशी हळदीकुंकवाला आली की दोघी-तिघी ‘गॅसवर दूध ठेवलंय’ म्हणून उठायच्या. ज्या बाईच्या हातचा ब्लाउज घालायला गल्ली हट्ट करायची, तिला बघून गल्ली रस्ता बदलायला लागली.

दोन वर्षांपूर्वी तिचं घर बदललं तेव्हा मी सामान हलवायला गेलो होतो. पलंगाखाली मुदत संपलेले अकरा डबे होते आणि एक दोनशे पानी वही. रकाने आखलेले: नाव, फोन, नातं, भेट झाली का, गरज. मी विचारलं, ‘गरज म्हणजे गं?’ ती म्हणाली, ‘अरे, मीटिंगमध्ये सांगायचे. समोरच्याला काय टोचतंय ते आधी शोधायचं, मग प्लॅन दाखवायचा.’ एका नावापुढे मुलीचं लग्न. एकीपुढे घराचा हप्ता. एकीपुढे नवऱ्याची दारू. सातव्या ओळीत माझी आई होती. नातं: ताई. गरज: मुलाचं इंजिनिअरिंग.

मी तेव्हा अकरावीत होतो. आईने ते डबे पावणेदोन वर्षं घेतले.

मावशी दुष्ट नाही, लबाड तर मुळीच नाही. तिने ती ओळ लिहिताना तिला खरंच वाटत असणार की ताईच्या पोराची फी यातून निघेल. माझी चीड तिच्यावर नाही. सख्ख्या बहिणीची काळजी रकान्यात भरायला जिने शिकवलं त्या पद्धतीवर आहे, आणि त्या पद्धतीचा शोध लागला तेव्हा ती जन्मलेलीही नव्हती.

माझ्या कामातल्या भाषेत सांगायचं तर ही साखळी म्हणजे एक झाड. प्रत्येकाने दोघांना जोडायचं. लोक नेहमी म्हणतात, माणसं संपतील. खरंच संपतात: २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आत होती आणि सत्ताविसाव्या पायरीवर एकट्या त्या रांगेलाच १३ कोटी ४२ लाख माणसं लागतात. पण मला ‘माणसं संपतील’ हा युक्तिवाद दुबळा वाटतो, कारण त्यावर तयार उत्तर असतं: ‘आपण लवकर आलोय.’ खरी मेख वेगळी आहे. असं पूर्ण भरलेलं झाड कुठल्याही दिवशी थांबवा, पहिल्या महिन्यात किंवा दहाव्या वर्षी, निम्म्याहून जास्त माणसं शेवटच्या रांगेत असतात. त्यांच्याखाली कुणीच नाही. शेवटच्या दोन रांगा धरल्या तर तीन चतुर्थांश. हे झाड वाढतं तेव्हाही खरं आणि मेल्यावरही खरं. बहुसंख्यांचं रिकाम्या हाताने राहणं हा योजनेतला दोष नाही, तो तिचा आकार आहे.

आकड्यांची साक्षही आता आहे. फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी २०२४मध्ये अशा ७० कंपन्यांची कमाईची जाहीर पत्रकं तपासली. बहुतेक पत्रकांनुसार बहुसंख्य सभासदांची कमाई वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी होती. त्यातही डबे, प्रवास, सेमिनार हा खर्च वजा केलेला नसतो.

आपल्या १९७८च्या कायद्याची झोप उडाली ती आंध्र प्रदेशात. २००६मध्ये तिथल्या सीआयडीने अॅमवेच्या कार्यालयांवर कारवाई केली. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि २००७मध्ये न्यायालयाने तिची याचिका फेटाळताना म्हटलं की ही पद्धत प्रथमदर्शनी मनी सर्क्युलेशनच्या व्याख्येत बसते. कंपनीचा भारतातला प्रमुख २०१३मध्ये केरळ पोलिसांनी आणि २०१४मध्ये आंध्र पोलिसांनी अटक केला. एप्रिल २०२२मध्ये ईडीने तिची ७५७ कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. कंपनीचं म्हणणं, प्रकरण जुनं आहे आणि आपण कायद्याने चालतो. मधल्या काळात सरकारने २०१६ला मार्गदर्शक तत्त्वं आणि डिसेंबर २०२१मध्ये ‘थेट विक्री’चे नियम आणले. प्रवेश फी नको, माल परत घ्या, पिरॅमिडला बंदी. म्हणजे १९७९च्या अमेरिकेच्या वाटेने आपणही आलो. खरा माल खऱ्या ग्राहकाला विकत असाल तर चला.

स्पीक एशियाचं प्रकरण मात्र वेगळंच शिकवून जातं. वर्षाचे ११,००० रुपये भरायचे, घरबसल्या ऑनलाइन सर्वेक्षणं भरायची, आठवड्याला १,००० रुपये मिळणार, आणि माणसं आणलीत तर आणखी. लाखो लोक आत होते. २०११मध्ये पैसे थांबले आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास सुरू केला. तेव्हा सभासदांच्या संघटनेचा राग कंपनीपेक्षा पोलिसांवर जास्त होता. बाहेरून बघताना हा मूर्खपणा वाटतो. पण विचार करा: कंपनी फसवी ठरली तर तुमचे ११,००० बुडतातच, शिवाय तुमच्या शब्दावर आलेला साडू, मित्र, कॉलनीतले पाटीलकाका यांना फसवणारे तुम्ही ठरता. कंपनी खरी असण्यावर तुमची अब्रू टांगलेली असते.

कायद्यानेही यात हातभार लावलाय. १९७८च्या कायद्याचं कलम ३ अशी योजना चालवायला तर मनाई करतंच, पण तिच्यात सभासद व्हायला आणि भाग घ्यायलाही करतं. म्हणजे ठाण्याची पायरी चढणाऱ्याने आधी स्वतःचंच नाव सांगायचं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा, २०१९मध्ये, सायबराबाद पोलिसांनी नोएडाच्या ईबिझ कंपनीच्या चालकांना पकडलं. ती संगणक शिक्षणाचं पॅकेज विकायची आणि तिचा मारा विद्यार्थ्यांवर होता. आमच्या हॉस्टेलवर तेव्हा दुसऱ्याच एका नावाची साखळी चालू होती. ती आणणारा मुलगा आमच्यात सर्वांत मनमिळाऊ होता. पहिल्या वर्षाच्या पोरांना नोट्स देणारा, आजारी पडलं तर डबा आणणारा. शेवटच्या सेमिस्टरला मेसमध्ये तो एकटा जेवायचा. आता यादी वहीत लिहावी लागत नाही, फोन कॉन्टॅक्ट्स उघडून देतो, स्टेटस कुणी बघितलं तेही सांगतो. ‘गरज’चा रकाना तर आपण स्वतःच इन्स्टावर भरून ठेवतो.

मावशीला मी विचारलं होतं, नव्या नियमांत तक्रारीची सोय आहे, तेव्हा असती तर केली असतीस का? ती वही पोत्यात टाकत म्हणाली, ‘कुणाविरुद्ध रे? वन्संविरुद्ध?’ मग थोड्या वेळाने, डबे मोजता मोजता, ‘आणि त्या चौदा जणींनी कुणाविरुद्ध करायची?’

डबे भंगारवाल्याने घेतले नाहीत, प्लॅस्टिक पातळ आहे म्हणाला. वहीची कोरी पानं मावशीने फाडून ठेवली. आता ती त्यावर मापं लिहिते. सध्या क्लासला नऊ जणी येतात.